शेंदराच्या पुड्या

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. सासरचं दुकान बाजारपेठेत होतं, पूजेच्या सामानाचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यामागे चार घरांची मिळून एक विहीर. दुकानात कापूर, उदबत्त्या, वाती, जानवी, गुलाल, अष्टगंध असं सगळं मिळे, पण आमचं नाव होतं ते शेंदरासाठी. आसपासच्या गावांत मारुतीची, गणपतीची, गावदेवीची जेवढी म्हणून देवळं होती, तिथली माणसं शेंदूर न्यायला आमच्याकडेच यायची. जत्रा जवळ आली की घोळक्याने यायची. शेंदूर तेलात कालवून मूर्तीला चढवायचा, की देव पुन्हा नवा दिसायला लागतो.

हा शेंदूर मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतून येई. डबा दिसायला लहानसा, पण वजनाला भलताच. पहिल्यांदा मी तो एका हाताने उचलायला गेले तर जागचा हललासुद्धा नाही. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "देवाचं आहे ते, जड असणारच."

पुड्या बांधायचं काम घरातल्या बायकांचं. दुपारची जेवणं आणि भांडी आटोपली की मधल्या खोलीत आम्ही दोघी बसायचो. पुढ्यात जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन. डब्यात शेंदराच्या गुठळ्या झालेल्या असत. त्या बोटांनी फोडायच्या आणि पूड मलमलीतून चाळून घ्यायची. चाळताना खोलीभर बारीक धुरळा उठे. खिडकीतून ऊन येत असलं की तो हवेत तरंगताना दिसायचा, नारिंगी. मला ते बघायला फार आवडायचं, हे आज लिहितानाही लपवावंसं वाटत नाही. मग चमच्याने पूड कागदावर घालायची, एक घडी, दुसरी घडी आणि टोक आत खोचायचं. सासूबाईंच्या पुडीतून कण सांडत नसे. त्या तीस वर्षं हे करत होत्या.

शेंदूर नखांत जाई, केसांच्या मुळांशी बसे, लुगड्याच्या घडीत लपे. संध्याकाळी भाजी चिरताना विळीच्या पाटावर माझ्या बोटांचे ठसे उमटत. हात आम्ही धुवायचो, नाही असं नाही. पण मध्येच बडीशेप तोंडात टाकायची झाली, पानाला चुना लावायचा झाला, तर तेवढ्यासाठी कोण उठणार? देवाच्या वस्तूचा विटाळ कसला, असंच दोघींच्या मनात होतं.

सासूबाईंना पोटदुखीचा जुना विकार होता. चार-चार दिवस पोट साफ होत नसे, मग बेंबीभोवती अशा कळा यायच्या की त्या पोटाशी उशी दाबून जमिनीवर आडव्या व्हायच्या. एरंडेल, हिंग, शेक, सगळं झालं होतं. मी आल्यानंतर दुसऱ्या वर्षी त्यांचं उजवं मनगट पडायला लागलं. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा. तांब्या उचलायला त्या डाव्या हाताने उजवा वर धरायच्या. वैद्यांनी वात सांगितला. मी रोज सकाळी त्यांच्या मनगटाला कोमट तेल चोळत असे. पोळ्या लाटणं त्यांनी सोडलं आणि ते माझ्याकडे आलं. पुड्या मात्र सोडल्या नाहीत. मनगट गुडघ्यावर टेकवलं की बोटांनी घड्या घालता यायच्या.

"एवढं तरी हातून होतंय," त्या म्हणायच्या.

मला पहिल्या दोन खेपांना दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडून गेले. आळीतल्या बायकांनी कारणं सांगितली. मी विहिरीचं पाणी फार ओढते, तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसते, माझं अंगच थंड आहे. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. त्या नुसतं म्हणाल्या, "माझीही पाच गेली. मग हा एक राहिला." हा एक म्हणजे माझे यजमान. त्यांच्या आधीची पाच गेली हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तिसऱ्या वेळी माझ्या आईने हट्ट धरला आणि मला दुसऱ्या महिन्यातच माहेरी उरणला नेलं. बाळंतपणापर्यंतचे सात महिने मी तिथेच काढले. तोंडाला चव आली, पाय दुखायचे थांबले, गालांवर रंग चढला. माहेरचं पाणी मानवलं असं सगळे म्हणाले, मीही तेच म्हटलं. मुलगी झाली. वजनदार, काळेभोर जावळ असलेली. तिला पाचवा महिना लागल्यावर मी पनवेलला परत आले. सासऱ्यांनी, मी त्यांना मामंजी म्हणायचे, दुकानातून पेढ्यांचा पुडा गल्लीभर फिरवला.

मुलगी रांगायला लागली तशी दुपारी आमच्याबरोबरच मधल्या खोलीत असायची. तिला दुसरीकडे ठेवणार कुठे? दुकानात गिऱ्हाईक, स्वयंपाकघरात चूल. ती कागदांचे चौकोन उडवायची, डब्याच्या झाकणावर चमचा आपटायची. जमिनीवर सांडलेल्या पुडीत तळवा बुडवून तो चाटायची. शेंदराला जराशी गोडसर चव असते हे मला माहीत आहे, कारण मीही कितीदा तरी ओठांवरून चाटला असेल. एकदा तिने दोन्ही गाल आणि नाक रंगवून घेतलं. सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी मामंजींना दुकानातून आत बोलावलं. "बघा, मारुतीराय आले घरी." मामंजींनी तिला लांबूनच नमस्कार केला. मीही हसत होते. तिचं तोंड पदराने पुसलं आणि तोच पदर खोचून पुढची पुडी बांधायला घेतली.

दीड वर्षाची होईपर्यंत ती चांगली बोलत होती. आई, आजी, बाबा, काऊ, पाणी, दे, नको. मग हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. आधी मला वाटलं, रुसली आहे. खाणं तुटलं. भिंतीचा चुना खरवडून खायला लागली. पोट दगडासारखं लागायचं. रंग इतका फिका पडला की पापणी खाली ओढली तर आत पांढरं दिसे. रात्रंदिवस किरकिर. पाऊल टाकता टाकता पडायची, आणि पडली की उठायचा प्रयत्नही करायची नाही, तशीच बसून राहायची.

गावातले डॉक्टर आमच्या घरोब्यातले. त्यांनी जंतांचं औषध दिलं, मग लोहाचं टॉनिक दिलं. एके सकाळी मी तिला न्हाऊ घालत होते आणि माझ्या हातांतच ती ताठ झाली. डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. आधी वाटलं, डोक्यावरून पाणी जास्त घेतलं म्हणून दम कोंडला. मग हातपाय झटकायला लागले. सासूबाईंनी आपल्या लुळ्या हाताने तिचं डोकं धरायचा प्रयत्न केला आणि तो हात सारखा निसटत होता.

डॉक्टर आले. म्हणाले, "हे इथलं काम नाही. आजच मुंबईला न्या."

एस.टी.ने ठाण्याला, तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. वाटेत तिला आणखी दोनदा झटके आले. इस्पितळात एक मध्यम वयाचे डॉक्टर होते, कमी बोलणारे. त्यांनी बॅटरीचा उजेड टाकून तिच्या हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी काळपट निळी रेघ होती. मी रोज तिचं तोंड पुसत होते, पण ती रेघ मी पाहिली नव्हती. त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं. माझ्याही हिरड्यांवर होती.

ते यजमानांना म्हणाले, "तुम्ही छापखान्यात काम करता का?"

"नाही."

"घरात कुणी रंगारी? बॅटऱ्यांचं काम? ओतकाम?"

"नाही. आमचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. त्या वेळी ते तिथेच थांबले असते, दुकानात काय काय विकता असं विचारलं असतं, तर यजमानांनी सगळी यादी सांगितली असती. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण पूजेच्या सामानात काय असणार? फुलं, कापूर, उदबत्त्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही पुढचाच प्रश्न विचारला असता.

"हिच्या पोटात शिसं जातंय," ते म्हणाले. "कुठून ते तुम्हालाच शोधावं लागेल. भांडी, खेळणी, पाणी, रंग, सगळं पाहा. ते थांबलं नाही तर माझ्या औषधाचा उपयोग नाही."

तीन आठवडे आम्ही तिथे होतो. इंजेक्शनं झाली. झटके थांबले, ती दूध प्यायला लागली, एक दिवस मला पाहून हसलीसुद्धा. घरी आल्यावर आम्ही शिसं शोधायला लागलो. मामंजींनी जुन्या कल्हईवाल्याला बोलावून जाब विचारला, की कथलात शिसं मिसळतोस का. बिचारा शपथा घेत होता. तरी सगळी भांडी दुसऱ्याकडून पुन्हा कल्हई करून घेतली. पाळण्याचा रंग खरवडून टाकला. तिची लाकडी रंगीत खेळणी, माझ्या आईने दिलेली, मी चुलीत घातली, तेव्हा ती माझ्या पायाला मिठी मारून रडली. पिण्याचं पाणी दुसऱ्या विहिरीवरून आणायला लागलो. एवढं सगळं केलं. आणि दुपारची जेवणं झाली की मधल्या खोलीत बसून मलमलीतून शेंदूर चाळायला लागलो. मारुतीचा उत्सव जवळ आला होता.

शेंदूर कशापासून करतात ते त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मामंजींची समजूत अशी की ती कुठल्याशा डोंगरातली माती आहे. तीस-पस्तीस वर्षं ते ती विकत होते.

दिवाळीच्या सुमारास तिचं पुन्हा सगळं उलटं सुरू झालं. वांत्या, मलूलपणा, हाक मारली तरी वळून न पाहणं. त्यात भाऊबीज आली आणि माझा थोरला भाऊ मुंबईहून आला. तो गोदीत जहाजांना रंग द्यायच्या कामावर होता. आमच्या घरी तो त्याआधी दोनदाच आलेला, तेही दुकानातल्या दुकानात बसून गेलेला. या वेळी भाचीला बघायचं म्हणून आत आला. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी सासूबाई पुड्या बांधत होत्या. दादा पाटावर बसला आणि त्याची नजर डब्याकडे गेली. त्याने चिमूटभर पूड उचलली, बोटांत चोळली, वास घेतला.

"हे घरात कशाला ठेवलंय?" त्याने विचारलं.

"शेंदूर आहे तो. दुकानातला," मी म्हटलं.

"अगं, हे रेड लेड आहे. आम्ही लोखंडाला गंज लागू नये म्हणून हेच फासतो. तेलात कालवून."

"हा देवाचा आहे, दादा. तुमचा वेगळा असेल."

त्याने डबा एका हाताने उचलायचा प्रयत्न केला आणि खाली ठेवला. "वेगळा नाही. वजनावरूनच कळतं. शिशाचा असतो हा. आमच्याकडे साहेब हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देत नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत अशी सक्त ताकीद आहे. मी तर बायकोला हातही लावू देत नाही त्यांना."

"शिशाचा?" मी विचारलं.

"हो. आमच्यातल्या एकाला लागलं ते. पोटात दुखून दुखून बेजार. मग त्याचे हात असे झाले." दादाने आपला हात पुढे धरला आणि मनगटातून पंजा खाली सोडला. मग त्याचं लक्ष सासूबाईंकडे गेलं आणि त्याने हात झटकन मागे घेतला.

सासूबाईंनी बांधत असलेली पुडी पुरी केली. टोक आत खोचलं. ती बाकीच्या पुड्यांवर नीट ठेवली. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे पाहत बसल्या. दुकानातून मामंजींचा गिऱ्हाइकाशी बोलण्याचा आवाज येत होता.

मग त्या म्हणाल्या, "पाच गेली माझी."

दादा त्याच दुपारी परत गेला. ओवाळून घ्यायचं राहिलं, ते त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

मामंजींना आधी पटलं नाही. "देवाच्या अंगावर चढवतात ते विष कसं असेल?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. रागाने नव्हे, खरंच उत्तर हवं असल्यासारखे. यजमान गावातल्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, डब्यात पाहिलं आणि मधल्या खोलीतल्या त्याच पाटावर बसले. या खोलीत त्यांनी आमच्याकडचा चहा किती वेळा घेतला असेल.

"शिकलो होतो मी हे," ते म्हणाले. "पुस्तकात होतं. पण पुस्तकातलं नाव वेगळं, आणि दर शनिवारी मीच तुमच्याकडून पुडी घेऊन मारुतीला जातो. दोन्ही एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मला माफ करा."

एवढा शिकलेला माणूस आपली माफी मागतो याचंच मला तेव्हा ओझं झालं.

मुलीला पुन्हा मुंबईला नेलं. आता सांगायला उत्तर होतं. त्या कमी बोलणाऱ्या डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि तिला पुन्हा तपासलं. मग म्हणाले, "ती जगेल. झटके कमी होतील. पण मेंदूला जे झालंय ते किती भरून येईल हे मी सांगू शकत नाही. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." हे वाक्य ते मला बोलले की स्वतःला, ते मला समजलं नाही.

घरी मधली खोली चार वेळा धुतली. शेणाची जमीन खणून काढून नवी घातली. जुन्या जमिनीची माती यजमानांनी खाडीवर नेऊन टाकली, आणि मग दोन दिवस त्यांना वाटत राहिलं की तिथली कोळंबी कुणी तरी खाईल. महिनाभर मामंजींनी शेंदूर विकायचा बंद केला. गावोगावची माणसं यायची आणि रिकाम्या हाताने जायची. काहींनी विचारलं, देवाचा कोप झालाय का तुमच्यावर? मामंजी खरं सांगायचे. शिसं, विष, नातीची अवस्था. माणसं ऐकून घ्यायची, हळहळायची, आणि पलीकडच्या दुकानातून शेंदूर घेऊन जायची. एका गुरवाने तर म्हटलं, "शेठ, नातीला देवाच्या पायावर घाला." महिन्यानंतर डबे पुन्हा आले. मामंजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घरात नाही ठेवणार. बाहेर बांधायला देऊ."

बाहेर म्हणजे नदीपलीकडच्या विचुंबे गावातल्या एका बाईकडे. ती रोज डोक्यावर भाजीची पाटी घेऊन गावात यायची, आमच्याकडेही द्यायची. नवरा गेलेला, घरात मुलगा आणि नवी सून. संध्याकाळी परत जाताना पाटी रिकामीच असायची, तिच्यात डबा मावत होता. ठरवलं मामंजींनी, पण डबा तिच्या हातात दिला मीच. कारण ती मागच्या दाराने यायची आणि मागच्या दाराला मी असायचे.

यजमानांशी मी आदल्या दिवशी बोलले होते. म्हटलं, "आपल्याला नको ते तिला कसं द्यायचं?"

ते म्हणाले, "मग काय करू? तू सांग, तसं करतो."

मी काय सांगणार होते? दुकान बंद करा? आम्ही पाच माणसं काय खाणार होतो? ते खरंच थांबले होते माझ्या उत्तरासाठी. तेवढं मला आठवतं.

तिला मी सगळं सांगितलं. दारातच उभी करून. म्हटलं, "हे विष आहे. माझ्या मुलीचं ह्यानेच झालं. सासूबाईंचा हात ह्यानेच गेला. अंगणात बसून बांधायचं, वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. तोंडाला फडकं. आधी साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. आणि सुनेला अजिबात बसवायचं नाही."

तिने शांतपणे ऐकलं. मग हसून म्हणाली, "वयनी, देवाचा शेंदूर हाय. त्यानं काय व्हतं? आमी लहानपनापासून कपाळाला लावताव."

"कपाळाला लावणं वेगळं. पोटात जायला नको."

"नाय जात पोटात," ती म्हणाली. मी दिलेली साबणाची वडी तिने पदरात बांधली. नंतर कधी तरी तिच्या बोलण्यात आलं, की ती वडी तिने लेकाच्या कपड्यांना वापरली. साबण ही काय हात धुण्यात घालवायची वस्तू होती का तिच्या घरी.

दर आठवड्याला ती पुड्या आणून द्यायची. सुबक बांधलेल्या असत. मी दर वेळी तेच सांगायचे आणि ती दर वेळी "व्हय, व्हय" म्हणायची. एके दिवशी पुड्यांच्या घड्या वेगळ्या दिसल्या, जास्त नाजूक. मी विचारलं, "ह्या कुणी बांधल्या?"

"सुनंनं. तिचा हात चांगला हाय ना. सातवा लागलाय, शेतावर धाडत नाय तिला, मंग बसल्या बसल्या बांधते."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तिचा हात धरला एवढं आठवतं. म्हटलं, नको, तिला नको, पाया पडते. ती गोंधळली. एवढ्या मोठ्या घरची बाई पाया पडते म्हणते, याचा अर्थ तिला लागेना. "बरं, नाय बसवत," म्हणाली.

दोन महिन्यांनी ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती पाटी उतरवून ओट्यावर बसली. सुनेला मूल झालं होतं, पण त्याने रडायचंच नाव घेतलं नाही.

"असं व्हतं," ती म्हणाली. "पयली खेप हाय." आणि माझ्याकडे बघून, "तुमी रडू नका, वयनी."

ते शेंदरामुळे झालं की नाही, मला माहीत नाही. त्या काळी पहिल्या खेपेला मुलं जायची, शेंदूर न बांधणाऱ्यांचीही जायची. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, सांगता येणार नाही. सांगता येणार नाही, हे मी त्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं. त्यानंतर मी मामंजींपुढे उभं राहून पहिल्यांदा मोठ्याने बोलले. ते चिडले नाहीत. त्यांनी डबे तिच्याकडून परत मागवले आणि दुसऱ्या गावातल्या एका घरी पाठवले. कुठल्या गावात ते मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सासूबाई पुढे सहा-सात वर्षं होत्या. पुड्या सुटल्यावर पोटाच्या कळा कमी झाल्या. मनगटात थोडी ताकद आली, भाकरी थापता यायला लागली, पण तांब्या कधी एका हाताने उचलता आला नाही. शेवटी शेवटी त्या नातीला घेऊन ओट्यावर बसायच्या आणि तिला एकच शब्द पुन्हा पुन्हा शिकवायच्या. काऊ. पाणी. काऊ.

मुलीनंतर मला मुलगा झाला. बाळंतपणाला पुन्हा उरणलाच गेले होते, आणि या वेळी का ते मला ठाऊक होतं. तो धडधाकट निघाला. मुलगी आठ वर्षांची असताना तिला पहिलीत घातली, तिथे ती तीन वर्षं होती. मास्तर भले होते, मारत नसत. तो शाळेत जायला लागला तेव्हा दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर बसायची. सहा महिन्यांत त्याने पाढे पाठ केले. तो तिला घरी शिकवायला बसायचा. ती दोनाचा पाढा चारपर्यंत म्हणायची, मग थांबायची आणि आमच्याकडे बघायची, आपण काही चुकलो का म्हणून. तिला कळायचं की काही तरी चुकतंय. तेवढं तिला पुष्कळ कळायचं. पुढच्या वर्षी आम्ही तिची शाळा थांबवली.

पुढे मुंबईहून छापील पाकिटांतून शेंदूर यायला लागला, मारुतीचं चित्र असलेला. पुड्या बांधायचं काम आमच्या गावातून गेलं. मामंजींना सुटल्यासारखं वाटलं असावं. पाकिटं कुणी तरी भरतच असणार, एवढं मी त्यांना एकदा म्हटलं. त्यांनी वर पाहिलं नाही, वाती मोजत राहिले.

विचुंब्याची बाई तोवर गावात यायची बंद झाली होती. गाढी नदी ओलांडली की तिचं गाव, चालत फार तर तासाची वाट. जाऊन विचारावं असं मनात कित्येकदा आलं. सून कशी आहे, तिला पुढे मुलं झाली का, तुझं पोट दुखतं का, हात नीट चालतात का. एकदा कुणाच्या तरी लग्नाला त्याच वाटेने बैलगाडीतून जायची वेळ आली. यजमान म्हणाले, "थांबवू का गाडी? भेटून येतेस?"

मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. ती उठेल, असं मी त्यांना सांगितलं. गाडी पुढे गेली.